पेंड खमंग भाजली, अहवालात प्रथिने भरली, मग पिल्ले मागे का पडली?

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनीने लिहिले आहे की त्या आणि त्यांचे मोठे भाऊ मिळून एक लहान खाद्य कारखाना चालवतात. ब्रॉयलर पक्ष्यांचे खाद्य हा मुख्य व्यवसाय, जोडीला दुभत्या जनावरांचे थोडे खाद्य. मागे एकदा सोयाबीन पेंडीचा एक लॉट कच्चा निघाला, पिल्लांची वाढ खुंटली आणि ग्राहकांची बोलणी खावी लागली. तेव्हापासून भाऊ आलेली प्रत्येक पेंड कारखान्यातल्या रोस्टरमध्ये पुन्हा भाजून घेतात. पेंडीचा कच्चेपणा दाखवणारी युरिएज चाचणी आता शून्य दाखवते, प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथिने ४६ टक्के येतात आणि पेंडीला खमंग वास येतो. तरीही गेल्या काही खेपांत पक्ष्यांची वजने मागे पडली आहेत आणि एकाच शेडमध्ये लहानमोठे पक्षी दिसू लागले आहेत. भावाच्या मते प्रथिने कमी पडत असतील तर पेंडीचे प्रमाण वाढवावे. भगिनींना वाटते की दोष उष्णतेचाच आहे, तेव्हा भाजणे बंद करून शक्य तितकी कमी तापवलेली पेंड घ्यावी. भाजलेला थोडा साठा दुभत्या जनावरांकडे वळवता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे. “दादांना दुखवायचे नाही, पण माल रोज बाहेर जातो आहे आणि मला झोप लागत नाही. आमच्यात बरोबर कोण?” असे त्या विचारतात.

उत्तर

‘बरोबर कोण’ हा प्रश्न आपण थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण तुम्ही दोघेही उष्णतेला एकाच बाजूने पाहत आहात. दादांना ती जितकी जास्त तितकी सुरक्षित वाटते आणि तुम्हाला ती जितकी कमी तितकी बरी वाटते. प्रत्यक्षात सोयाबीन पेंडीत उष्णता दोन कामे करते. एक पचनाच्या आड येणारे पदार्थ मोडण्याचे, दुसरे खुद्द प्रथिनांना इजा करण्याचे. पहिले काम पुरे होण्याआधी थांबलो तर पेंड कच्ची राहते आणि ते पुरे झाल्यावरही तापवत राहिलो तर दुसरे काम वाढत जाते. तुमच्या कारखान्याने आधी पहिली चूक भोगली आणि तिला घाबरून आता बहुधा दुसरी पत्करली आहे. ‘बहुधा’ असे मुद्दाम म्हणतो, कारण पत्रातल्या दोन चाचण्यांपैकी एकही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

दादांची भीती निराधार नाही, हे आधी मान्य करू. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवले की वाढतात, हे ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच नोंदवले होते. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. आतड्यात प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला ते घट्ट धरून ठेवतात. एन्झाइम कमी पडते तेव्हा पिल्लाचे स्वादुपिंड आणखी एन्झाइम सोडते आणि या अतिरिक्त कामाने आकारानेही वाढते. हे एन्झाइम स्वतः प्रथिनेच असतात, त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले (प्रथिनांच्या साखळीतले दुवे) भरपूर असतात आणि ती विष्ठेवाटे वाया जातात. म्हणजे मुळात मिथिओनिन आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांत तोकड्या असलेल्या पेंडीवर वाढणाऱ्या पिल्लाकडून तीच अमिनो आम्ले आणखी खर्ची पडतात. त्या कच्च्या लॉटने केलेले नुकसान खरे होते. म्हणूनच ‘शक्य तितकी कमी तापवलेली पेंड’ या तुमच्या पर्यायाला मी होकार देऊ शकत नाही. तसे केले तर वर्षभराने तुम्ही पुन्हा जुन्याच जागी येऊन उभ्या राहाल.

आता दुसरी बाजू. प्रथिनांच्या साखळीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल असते, आणि त्याच्या टोकाशी असलेला अमिनो गट साखळीत गुंतलेला नसून मोकळा असतो. पेंड तापते तेव्हा साखरेचे रेणू याच मोकळ्या टोकाला येऊन चिकटतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या खमंग वासाने दादांचे समाधान होते, तो वास आणि तो तपकिरी रंग याच अभिक्रियेतून येतात. पिल्लासाठी मात्र साखर चिकटलेले लायसिन निरुपयोगी असते. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही, कारण ट्रिप्सिन साखळी तोडते ती लायसिन आणि आर्जिनिन यांच्याच जागी. लायसिनचे टोक झाकले गेले की ट्रिप्सिनला ती जागा ओळखता येत नाही, साखळीचा तो तुकडा न तुटता पुढे सरकतो आणि शेजारची धडधाकट अमिनो आम्लेही त्याच्यासोबत विष्ठेत जातात. तापवणे आणखी लांबले तर साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होतात, सिस्टीनचा ऱ्हास होतो आणि पचनीयता सगळीकडूनच घसरते.

मग अहवालात ४६ टक्के प्रथिने कशी दिसतात, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो आकडा ज्या केल्डाल पद्धतीने काढतात ती १८८३ सालची आहे. तीत नमुना तीव्र आम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. लायसिन मोकळे असो वा साखरेत अडकलेले, त्यातला नायट्रोजन जागचा हलत नाही. त्यामुळे उत्तम पेंड आणि अति भाजलेली पेंड यांचे क्रूड प्रोटीन, म्हणजे अहवालातला प्रथिनांचा हा आकडा, सारखेच येते. उलट भाजताना थोडे पाणी उडून गेल्याने अति भाजलेल्या पेंडीचा आकडा किंचित वरच दिसतो. प्रयोगशाळेने चूक केलेली नाही, आपण तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

युरिएजच्या शून्याचेही असेच आहे. युरिएज हे सोयाबीनमधले एक एन्झाइम. पक्ष्याला त्याचा विशेष त्रास नसतो, पण उष्णतेने ते ट्रिप्सिन इनहिबिटरच्या बरोबरीनेच नष्ट होते आणि मोजायला सोपे असते, म्हणून आपण त्याच्यावरून अंदाज बांधतो. युरियाच्या द्रावणात पेंड घातल्यावर युरिएजमुळे तयार होणाऱ्या अमोनियाने द्रावणाचा पीएच वाढतो. ही वाढ साधारण ०.०५ ते ०.२० असली तर पेंड नीट शिजली असे धरण्याची रूढ पद्धत आहे. पण ते एकदा शून्यावर आले की त्यानंतर पेंड दोन मिनिटे तापली की तासभर, हे सांगायला त्याच्यापाशी काही उरत नाही. शून्य युरिएज असलेली पेंड चांगली असू शकते आणि जळालेलीही असू शकते. कच्चेपणा पकडणारी चाचणी अतिरेकाबद्दल बोलत नाही, एवढे दादांना समजावता आले तरी अर्धे काम झाले असे मी म्हणेन.

अतिरेक पकडण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिनांची विद्राव्यता मोजतात. व्यवहारात तिला केओएच सोल्युबिलिटी म्हणतात. पेंड बारीक दळून ०.२ टक्क्यांच्या द्रावणात २० मिनिटे ढवळतात आणि किती प्रथिने विरघळली ते पाहतात. कच्च्या दाण्यात जवळजवळ सगळी विरघळतात, चांगल्या पेंडीत साधारण ७८ ते ८५ टक्के, आणि आकडा ७० च्या आसपास किंवा खाली आला तर पेंड अति तापली असे समजावे. दळण जितके बारीक तितकी विद्राव्यता जास्त दिसते, म्हणून दोन लॉटची तुलना करायची तर दळण आणि ढवळण्याचा वेळ तंतोतंत सारखा हवा. कच्चेपणाच्या बाजूला ही चाचणी फारशी तीक्ष्ण नाही. त्यामुळे युरिएज आणि केओएच या दोन्ही एकत्र वाचाव्यात, एक खालची हद्द दाखवते आणि दुसरी वरची.

तिसरा उपाय म्हणजे अमिनो आम्लांचा अहवाल मागवून लायसिनचे क्रूड प्रोटीनशी गुणोत्तर काढणे. चांगल्या सोयाबीन पेंडीत हे साधारण ६.१ टक्क्यांच्या जवळ असते, म्हणजे ४६ टक्के प्रथिनांच्या पेंडीत लायसिन सुमारे २.८ टक्के असायला हवे. ते २.५ निघाले तर गुणोत्तर ५.४ वर येते आणि संशयाला जागा उरत नाही. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. अमिनो आम्ले मोजण्यासाठी नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात २४ तास तापवावा लागतो आणि त्या प्रक्रियेत साखरेत अडकलेल्या लायसिनचा काही भाग पुन्हा सुटा होऊन मोजला जातो. पिल्लाच्या पोटात असे तीव्र आम्ल नसते. म्हणून अहवालातील लायसिन हे पक्ष्याला मिळणाऱ्या लायसिनपेक्षा थोडे जास्तच दिसते. प्रयोगशाळा ‘रिअ‍ॅक्टिव्ह लायसिन’, म्हणजे टोक मोकळे असलेले लायसिन, मोजून देत असेल तर तोच आकडा मागा.

आता तुमच्या रोस्टरकडे वळतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. तेल काढण्याच्या कारखान्यात पेंड टोस्टरमध्ये तापवतात तेव्हा तिच्यात थेट वाफ सोडलेली असते, ओलावा भरपूर असतो आणि तापमान १०५ अंशांच्या आसपास राखलेले असते. इनहिबिटर मोडायला हा ओलावा फार मोलाचा असतो. तुमच्याकडे येणारी पेंड मात्र वाळलेली असते. तिला कोरड्या रोस्टरमध्ये घातले की उरलेसुरले इनहिबिटर हळू मरतात आणि लायसिनचे नुकसान मात्र होत राहते. ज्यासाठी भाजता ते काम थोडे आणि जे टाळायचे ते जास्त, असा हा व्यवहार होतो. शिवाय कोरड्या ड्रममध्ये उष्णता सगळ्या कणांना सारखी पोचत नाही. बारीक कण करपतात, गठ्ठे आतून तसेच राहतात.

हे डोळ्यांनी पाहण्याची एक सोपी रीत आहे आणि ती दादांसमोरच करा. पांढऱ्या बशीत पेंडीचा पातळ थर पसरा आणि त्यावर युरिया व फिनॉल रेड यांचे तयार द्रावण ओतून पाच मिनिटे थांबा. द्रावण पिवळसर असते. ज्या कणात युरिएज जिवंत असेल त्याच्याभोवती अमोनिया तयार होऊन लाल ठिपका उमटतो. सगळीकडे तुरळक ठिपके दिसले तर पेंड ठीक, निम्मा पृष्ठभाग लाल झाला तर कच्ची. पण तपकिरी, मुक्या कणांच्या मधोमध काही गडद लाल ठिपके दिसले, तर त्या एकाच पोत्यात करपलेली आणि कच्ची अशी दोन्ही पेंड आहे. असे मिश्रण प्रयोगशाळेत गेले की दोन्हींची सरासरी निघते आणि अहवाल निर्दोष दिसतो. गुणवत्ता तपासणीचे काम करत असताना एका लॉटचे दोन्ही आकडे हद्दीत पाहून मी तो पुढे जाऊ दिला होता, आणि खाद्य बनून बाहेर गेल्यावर बशीत हेच चित्र दिसले. तेव्हापासून अहवाल कितीही चांगला असला तरी बशी पाहिल्याशिवाय माझे मन मानत नाही. बशी पूर्ण कोरी राहिली तर मात्र निष्कर्ष काढू नका, ती पेंड केओएच चाचणीला पाठवा.

पेंडीचे प्रमाण वाढवण्याचा दादांचा पर्याय मी टाळेन. त्याने लायसिन थोडे वाढेल, पण सोबत पक्ष्याला नको असलेला नायट्रोजनही वाढेल. तो युरिक आम्ल म्हणून बाहेर टाकायला पक्ष्याची ऊर्जा खर्च होते, पक्षी पाणी जास्त पितात, लिटर, म्हणजे शेडमधले अंथरूण, ओले होते आणि शेडमध्ये अमोनिया कोंदतो. न पचलेली प्रथिने आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊन तिथल्या नको त्या जिवाणूंना खाद्य पुरवतात, तो त्रास वेगळाच.

हातात असलेल्या भाजलेल्या साठ्यासाठी तात्पुरता उपाय म्हणजे तो चांगल्या पेंडीत थोडा थोडा मिसळून, मोठ्या वयाच्या पक्ष्यांच्या खाद्यात संपवणे आणि लायसिनची तूट शुद्ध लायसिनने भरणे. बाजारातल्या एल-लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असते, तो हिशेब धरूनच प्रमाण काढा. मात्र पचनीयता सिस्टीनची आणि आर्जिनिनचीही घसरलेली असते, म्हणून केवळ लायसिन घातल्याने सगळे भरून निघेल असे धरू नका. पहिल्या दहा-बारा दिवसांच्या पिल्लांना ही पेंड देऊच नका, त्या वयात पचनसंस्थाच पुरती तयार झालेली नसते.

थोडा साठा दुभत्या जनावरांकडे वळवता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे. मर्यादेत येईल. रवंथ करणाऱ्या जनावरात प्रथिनांचा मोठा भाग रूमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव आधीच मोडून टाकतात. बेताची उष्णता दिलेली प्रथिने तिथे कमी मोडतात आणि पुढे आतड्यात जाऊन पचतात, यालाच बायपास प्रोटीन म्हणतात. पण करपलेली प्रथिने रूमेनमधूनही सुटतात आणि आतड्यातूनही तशीच निसटतात. तेव्हा आधी अ‍ॅसिड डिटर्जंटमध्ये न विरघळणारा नायट्रोजन तपासून घ्या, करपलेल्या प्रथिनांचा अंदाज त्यावरून येतो. तो वाढलेला असेल तर तेवढी प्रथिने हिशेबातून वजा करूनच खाद्य बनवा. आणि पुन्हा कधी कच्चा लॉट आला व तो प्रौढ जनावरांना द्यायचे ठरले, तर त्या खाद्यात युरिया अजिबात नको, कारण जिवंत युरिएज त्याचा झपाट्याने अमोनिया करते.

हे सदर वाचणाऱ्या इतर खाद्य उत्पादकांसाठी एक गोष्ट जोडतो. वरचे आकडे सोयाबीनचे आहेत, ते दुसऱ्या कच्च्या मालाला तसेच लावू नयेत. पिसांच्या भुकटीत तर उलटे आहे. पिसांतले केराटिन हे प्रथिन सिस्टीनच्या बंधांनी इतके घट्ट विणलेले असते की दाबाखाली वाफेने शिजवल्याशिवाय ते पचतच नाही, तेव्हा तिथे उष्णता कमी पडणे हाच मोठा धोका, आणि खरेदी करताना पेप्सिन पचनीयता (पेप्सिन या पाचक एन्झाइमने किती प्रथिने पचतात ते) निदान ७५ टक्के आहे का ते पाहावे. माशांच्या भुकटीत थेट ज्वाळेवर वाळवलेला माल आणि कमी तापमानाला वाळवलेला माल यांत मोठा फरक असतो. विशेषतः फार तापलेल्या भुकटीत हिस्टामिन आणि लायसिन यांच्यापासून गिझेरोसिन नावाचा पदार्थ तयार होऊ शकतो, आणि त्याने पिल्लांच्या गिझार्डला, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जठराला, जखमा होतात. सरकी पेंडीत तापवताना लायसिनला साखरेखेरीज सरकीतले गॉसिपॉल हे रंगद्रव्यही बांधून ठेवते. खाद्याचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, करताना मिळणाऱ्या उष्णतेची मात्र फार धास्ती नको. ७० ते ९० अंशांची वाफ थोडाच वेळ लागते, तेवढ्याने प्रथिनांचे सहसा बिघडत नाही. तिथे जपायचे ते मिसळलेल्या एन्झाइम आणि जीवनसत्त्वांना.

आता दादांविषयी. अहवाल समोर ठेवून त्यांची चूक सिद्ध करू नका. त्यांनी एकदा मोठा फटका सोसला आहे आणि रोस्टर हा त्यांनी कारखाना वाचवण्यासाठी केलेला उपाय आहे, हे आधी तोंडाने म्हणा. मग त्यांना सांगा की आपण पिल्लांनाच विचारू. एकाच हॅचमधली, म्हणजे एकाच वेळी उबवलेली, पिल्ले घेऊन शेडच्या एका बाजूला लहान लहान कप्पे करा आणि तीन खाद्ये बनवा: एक आलेल्या पेंडीचे, दुसरे तीच पेंड पुन्हा भाजून केलेले आणि तिसरे भाजलेल्या पेंडीत शुद्ध लायसिन घातलेले. बाकी सगळे घटक सारखे ठेवा. प्रत्येक खाद्याला निदान चार कप्पे द्या आणि ते शेडमध्ये आलटून पालटून ठेवा, म्हणजे एखाद्या कोपऱ्यातल्या वाऱ्याचा दोष खाद्याच्या माथी येणार नाही. २१ दिवस दर आठवड्याला पक्षी आणि उरलेले खाद्य दोन्ही मोजा. दुसरा गट मागे पडला आणि तिसरा बराचसा सावरला तर लायसिन रोस्टरमध्ये जात होते. दोन्ही मागे राहिले तर नुकसान लायसिनपलीकडचे आहे. आणि तिन्ही गट सारखेच आले तर पेंडीला दोष देणे थांबवून मिक्सरमध्ये खाद्य एकसारखे मिसळते का, पाण्याच्या नळ्या सुरू आहेत का आणि पिल्ले निरोगी आहेत का याकडे वळा. एका शेडमधला लहानमोठेपणा या कारणांनीही येतो आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

चाचणी चालू असेपर्यंत नवा माल न भाजता वापरावा, पण बशीतली तपासणी आणि युरिएज यांत उतरलेलाच. कच्चा ठरलेला लॉट घरी दुरुस्त करू नका, परत पाठवा. पुरवठादाराशी बोलताना ‘चांगली भाजून द्या’ हे वाक्य सोडा आणि युरिएज व केओएच या दोन्हींची खालची-वरची हद्द खरेदीच्या कागदावर लिहून घ्या. प्रत्येक लॉटच्या निदान दहा पोत्यांतून थोडी थोडी पेंड काढून, ती एकत्र करून नमुना घ्या आणि त्याची एक बंद पिशवी तारखेसह जपून ठेवा. उद्यापासूनच भाजण्याआधीचा आणि भाजल्यानंतरचा असे दोन नमुने केओएच चाचणीला पाठवा. चाचणीच्या वेळी तराजू दादांच्या हाती द्या आणि वजनांची वहीही त्यांनाच लिहू द्या.